हत्तीचं तेलपाणी

आमच्या दारात हत्ती आहे. असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे आदरानं बघतो, मग माझ्या झिजलेल्या चपलांकडे बघतो आणि ‘छोटा हत्ती होय!’ म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतो. टाटांनी २००५ साली ही गाडी काढली तेव्हा तिचं नाव ‘एस’ ठेवलं होतं, पण त्या नावानं तिला हाक मारलेली मी तरी सांगलीत ऐकलेली नाही. दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल इंजिन, १६ घोड्यांची ताकद आणि ७५० किलो ओझं वाहायची तयारी. सोळा घोडे मिळून एक छोटा हत्ती कसा काय होतो, हा हिशोब चौतीस वर्षं बँकेत कॅशियर असूनही मला जुळवता आलेला नाही.

हत्ती अर्थात हिचा आहे. हिचा मसाल्याचा, पापड-कुरडयांचा धंदा आहे आणि दर सोमवारी माल गणपती पेठेत पोचवायचा असतो. निवृत्त झाल्यावर मी त्या धंद्यात पडलो. ‘पडलो’ हाच शब्द बरोबर आहे, कारण पहिल्याच दिवशी मी कांदा-लसूण मसाल्याच्या पिंपात पडता पडता वाचलो होतो. तेव्हापासून माझ्याकडे वह्या लिहिणं आणि डब्यांची झाकणं घट्ट लावणं एवढीच खाती आहेत.

तर झालं असं, की आमचा ड्रायव्हर चार दिवस गावच्या जत्रेला गेला आणि जाता जाता म्हणाला, ‘‘काका, आल्यावर ऑइल बदलायला लागतंय बघा.’’ एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. पण त्याच दिवशी ही शेजारच्या वहिनींना सांगत होती, की ‘‘ह्यांना साधा बल्ब बदलता येत नाही हो.’’ आता हा सरळसरळ अन्याय आहे. बल्ब मी बदलला होता. गल्लीतली लाइट गेली ती नंतर.

मी तडक पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो इंजिनिअर आहे आणि मामाचा जीव त्याला प्यारा आहे, निदान त्या फोनपर्यंत होता. तो म्हणाला, ‘‘मामा, ऑइल काढणं हे पाच मिनिटांचं काम. पण त्याआधी गाडी नीट उभी करणं महत्त्वाचं. तुम्ही खाली झोपणार आणि ती तुमच्यावर असणार, हे डोक्यात ठेवा.’’ मी ते डोक्यात ठेवलं आणि रात्रभर झोप लागली नाही. बाकीचं दिनदर्शिकेच्या एका पानामागे लिहून घेतलं : जागा सपाट आणि टणक, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, किल्ली काढून खिशात. मागच्या चाकांना ठोकळे, पुढून जॅक, आणि जॅकवर काडीचा भरवसा नाही. ‘‘जॅक गाडी उचलतो मामा, धरत नाही. धरते ती घोडी. घोडीशिवाय गाडीखाली बोट घातलंत तर मी मामींना फोन करेन.’’ मरणापेक्षा ही धमकी जास्त परिणामकारक होती.

रविवारी सकाळी साडेसातला मी कामाला लागलो. अंगात जुना बनियन, त्यावर बँकेच्या रौप्यमहोत्सवात मिळालेला टी-शर्ट. आधी भाच्यानं सांगितल्याप्रमाणे इंजिन पाच मिनिटं चालू ठेवलं, म्हणजे ऑइल पातळ होतं. मग पंधरा मिनिटं निवू द्यायचं, म्हणजे हात भाजत नाही. इंजिन बंद करून किल्ली काढली आणि अशा ठिकाणी ठेवली, की जिथून ती हरवणं शक्यच नाही. कॅशियर माणूस आहे मी. चौतीस वर्षं स्ट्राँगरूमची एक किल्ली माझ्याकडे आणि एक मॅनेजरकडे असायची, आणि माझी कधीही हरवली नाही. गाडीची दुसरी किल्लीसुद्धा मी त्याच शिस्तीनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेली आहे. पहिली कुठे ठेवली ते तुम्हाला आत्ताच सांगितलं असतं, पण दुपारी बारानंतर ते मलाही आठवत नव्हतं.

मग आली सपाट जागा. आमचं अंगण मला जन्मभर सपाट वाटत आलेलं आहे. खात्री करावी म्हणून हिच्या लोणच्यासाठी आणलेल्यांतलं एक लिंबू फरशीवर ठेवलं. ते क्षणभर विचारात पडलं आणि मग जे निघालं ते तुळशीवृंदावनाला वळसा घालून मोरीपाशी जाऊन थांबलं. गवंड्यानं पाणी निघून जायला चोख ढाळ काढलेला होता. तीस वर्षांत त्याचं कौतुक करायचं राहून गेलं होतं. दुसरं लिंबूही मोरीत गेलं. तिसऱ्याला ही बाहेर आली. ‘‘लिंबं दहाला तीन झालीत,’’ एवढंच बोलून ती आत गेली. शिवाय अंगणात शहाबादी फरशी, आणि तिच्याखाली कुठे पोकळ असेल सांगता येत नाही. जॅक सगळा भार तळहाताएवढ्या जागेवर टाकतो, म्हणजे गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खाली जायचा.

राहिला गल्लीतला काँक्रीटचा रस्ता. गाडी फाटकाबाहेर काढायला मला पंचवीस मिनिटं लागली. किल्ली लावून नव्हे, ढकलून. किल्ली मी एकदा ठेवली की ठेवली. शेजारचे अण्णा, दूधवाला आणि क्रिकेट खेळणारी चार पोरं असा आमचा फौजफाटा होता. रस्त्यावर लिंबू ठेवलं. ते जागचं हललं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि गल्लीला कळलं की आज काका काहीतरी करणार आहेत. गॅलऱ्या भरायला लागल्या.

ठोकळे आमच्याकडे नव्हते. पण घरात जड आणि दगडी काय काय असतं याची मी मनात उजळणी केली आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं पाटा-वरवंटा उचलून आणला. पाटा एका मागच्या चाकाला लावला. दुसऱ्याला वरवंटा लावला. इथे माझ्यातल्या विचारवंताचं कौतुक करा : जी वस्तू गोल आहे आणि लोळण्यासाठीच जन्माला आलेली आहे, ती मी गाडी लोळू नये म्हणून लावली. अण्णांनी गाडीला नुसता खांदा टेकवला, तर वरवंटा हसत हसत चाकाखालून निघाला आणि माझ्या पायाच्या अंगठ्याशी येऊन विसावला. अंगठ्याला हळद लावून मी परत आलो, तोवर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पोरगा लाकडाचे दोन तिरके गुटके घेऊन आला होता. त्यानं ते चाकांना मागूनपुढून पायानं ठोकले आणि बाजूला झाला. वय असेल पंधरा.

‘‘काका, पुढनं उचलताय न्हवं?’’ त्यानं विचारलं. ‘‘मागनं उचलू नका. हँडब्रेक मागच्याच चाकास्नी असतोय. गाडी ओढतात ती पन मागचीच. ती हवेत गेली की बिरेक बी गेला आणि गेर बी गेला.’’ हे कारण मी कुठल्याही वहीत लिहिलेलं नव्हतं. मी लगेच, जणू मला माहीतच होतं, अशी मान हलवली आणि मागच्या बाजूला नेऊन ठेवलेला जॅक गुपचूप पुढे आणला.

आता घोडी. आमच्या घरी घोडी म्हणजे माळ्यावरची पातेली काढायला चढतात ते लाकडी तीन पायऱ्यांचं प्रकरण. मी ते बाहेर आणून गाडीच्या शेजारी रुबाबात उभं केलं. पंक्चरवाल्याच्या पोरानं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि अत्यंत मायेनं विचारलं, ‘‘ही कशाला, काका? गाडीवर चढायला?’’ गॅलरीत कुणीतरी हसलं. मी म्हटलं, घोडी नाही तर विटा आहेत, मागे न्हाणीघर बांधताना उरलेल्या. यावर मात्र पोरगा हसला नाही. ‘‘विटंवर गाडी ठेवायची न्हाई, काका. लोखंड वाकतंय तवा दिसतंय. वीट सांगून फुटत न्हाई.’’ पळत जाऊन त्यानं दुकानातून लोखंडाच्या दोन घोड्या आणल्या : तीन पायांच्या, मधे दांडा, दांड्याला भोकं आणि भोकातून आरपार जाणारी बोटाएवढी पिन. त्यांच्याकडे पाहिल्यावर मला पहिल्यांदाच वाटलं, की आपण जगू.

जॅक मी मारला. तेवढा मान मला देण्यात आला. पहिल्यांदा तो मी इंजिनाच्या खालच्या पातळ पत्र्याच्या भांड्याला लावला. त्याला चेंबर म्हणतात, आणि ज्या ऑइलसाठी एवढा खटाटोप चालला होता ते त्यातच असतं. दोन दांडे मारले असते तर बोल्ट न उघडताच ऑइल निघालं असतं. पोरानं जॅक काढून चासीच्या जाड पट्टीखाली सरकवला. हत्तीनं हळूहळू सोंड उचलावी तसं गाडीचं तोंड वर आलं, दोन्ही बाजूंना घोड्या लागल्या आणि भाच्याचा शेवटचा हुकूम म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून गाडीला जोरात धक्का देऊन पाहिला. खाली झोपल्यावर पडायची ती आत्ताच पडून घेऊ दे, असा त्यातला विचार. गाडी तसूभरही हलली नाही. मी जन्मात इतकी पक्की वस्तू बनवली नव्हती.

त्याच क्षणी घंटागाडी आली.

आमची गल्ली अशी आहे की दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला नातं आठवावं लागतं. घंटागाडीवाल्यानं हॉर्न दिला. मी हात जोडले. त्यानं परत हॉर्न दिला. खाली उतरून त्यानं माझा सगळा बंदोबस्त पाहिला : हँडब्रेक, गिअर, गुटके, पाटा, दोन घोड्या आणि जॅक. मग म्हणाला, ‘‘काढा की बाजूला.’’ ही गाडी कुणालाही हलवता येऊ नये म्हणून मी अडीच तास राबलो होतो आणि त्यात मला देदीप्यमान यश आलेलं होतं, हे त्याला कसं सांगावं ते मला कळेना. शेवटी तो गल्लीच्या तोंडाशी घंटा वाजवत थांबला आणि गल्लीतल्या बत्तीस घरांच्या बायका ओला-सुका डबा घेऊन माझ्यासमोरून संचलन करत गेल्या. प्रत्येकीनं जाताना एक कटाक्ष टाकला. काहींनी तो जाताना आणि येताना असा दोन्ही वेळा टाकला.

एवढ्या मानहानीनंतर मी चहाला घरात गेलो. पंधरा मिनिटांत परत येऊन बघतो तर जॅकच्या बुडाशी तेलाचं थारोळं, जॅक बोटभर खाली बसलेला आणि गाडी मात्र दोन घोड्यांवर पूर्वीसारखीच शांत. जॅकचं वॉशर गेलेलं होतं. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. पोरगा म्हणाला, ‘‘म्हनून तर घोडी.’’ मी त्याला दहाची नोट दिली. मग आणखी पन्नासाची दिली.

भाच्यानं पंधरा मिनिटं निवू द्या म्हटलं होतं. मी साडेतीन तास निवू दिलं.

अकराच्या सुमाराला मी गोणपाटावर उताणा पडलो आणि सरपटत आत गेलो. कंबरेत मागच्या बाजूला काहीतरी सारखं टोचत होतं, पण या वयात कंबरेत काही टोचलं नाही तर चिंता करावी. खाली दिसतं ते जग वेगळंच असतं. सगळं चिखलानं माखलेलं, सगळं एकसारखं, आणि प्रत्येक गोष्टीला बोल्ट. मी चष्मा पुसला, तेलकट हातानं पुसला म्हणून अधिकच धूसर झाला आणि त्या धुक्यात मला हवा होता तसा एक मोठा बोल्ट दिसला. घमेलं खाली सरकवलं. पोरगा ‘‘मी येऊ का?’’ म्हणत होता. मी म्हटलं, नको, तू दुकान बघ. शेवटचा मान माझा होता.

बोल्ट निघाला. ऑइल आलं. आणि काय ऑइल होतं! मधासारखं पिवळं, दाट, सावकाश उतरणारं. मला वाटलं होतं काजळासारखं काळं निघेल. इथे तर आमच्या गाडीचं पोट किती निर्मळ! वास मात्र उग्र होता, कुजलेल्या लसणीसारखा. ही खिडकीतून म्हणाली, ‘‘अहो, कसला वास?’’ मी म्हटलं, ‘‘तुझ्याच मसाल्याचा असेल.’’ हे वाक्य मला नंतर महागात पडलं. शेजारचे अण्णा कॅन घेऊन टपलेले होते. फाटकाच्या लाकडाला वाळवी लागते म्हणून त्यांना जळकं ऑइल हवं होतं. त्यांनी घमेल्यात डोकावून पाहिलं आणि नाराजीनं म्हणाले, ‘‘हे कुठं जळकंय? हे कच्चंच आहे.’’ एवढी ढळढळीत सूचना देव दुसरी कशी देणार? पण मी बोल्ट बसवला, सीट उचलली, खालच्या इंजिनात नवं ऑइल ओतलं. फिल्टर कुठे असतो ते सापडलं नाही, म्हणून तो नसावा असं ठरवलं. मग डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही पुष्कळ वर होतं. मला मनापासून आनंद झाला. भरभराट म्हणतात ती हीच.

वाचकहो, इथे मला माझीच लाज वाटते. चौतीस वर्षं मी रोज संध्याकाळी कॅश जुळवली. कॅश कमी निघाली की पोटात गोळा येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जास्त निघाली तरी तेवढाच यायला हवा, कारण ती कुणाच्या तरी खात्यातून आलेली असते, हे मीच नव्या पोरांना शिकवायचो.

आता इंजिन चालू करून गळती बघायची राहिली. खिशात हात घातला. किल्ली नाही. दुसऱ्या खिशात नाही. मग जे सुरू झालं त्याचं वर्णन करवत नाही. देव्हारा, तांदळाचा डबा, फ्रिजमधला अंड्यांचा कप्पा, चष्म्याचं घर, लिंबांची टोपली, सगळं उपसून झालं. हिनं पिंपातला मसाला परातीत ओतून पाहिला आणि शिंकता शिंकता माझ्या माहेरच्या, म्हणजे तिच्या सासरच्या माणसांचा उद्धार केला. दुसरी किल्ली लॉकरमध्ये आणि बँक रविवारची बंद. सोमवारी सकाळी सहाला माल निघायचा होता.

संध्याकाळी ड्रायव्हर जत्रेहून आला, कपाळाला गुलाल, हातात माझ्यासाठी पेढे. सगळी कथा त्यानं ऐकून घेतली. किल्ली मिळेपर्यंत काय करायचं म्हणून सहज सीट उचलून डिपस्टिक ओढली आणि तिच्याकडे बघत राहिला. मग घमेल्याशी वाकला, एक बोट बुडवलं, वास घेतला आणि अतिशय हळू आवाजात विचारलं, ‘‘काका, गाडी सुरू केलीत का?’’

‘‘किल्लीच नाही रे.’’

त्यानं गुलालासकट दोन्ही हात जोडून वर बघितलं. ‘‘लई बरं झालं. हे गेरबॉक्सचं ऑइल हाय. तो सगळा कोरडा पडलाय आणि इंजिनात दुप्पट भरलंय. सकाळी असाच गणपती पेठेत गेलो असतो तर गेर पार खाल्लं गेलं असतं.’’

एका खात्यातून काढलं होतं आणि भलत्याच खात्यात भरलं होतं. नोकरीत असं एकदाही झालं नव्हतं.

पुढचं त्यानं आणि पंक्चरवाल्याच्या पोरानं बॅटरीच्या उजेडात तासाभरात उरकलं. घोड्या जिथल्या तिथे होत्या, गुटके लागलेले होते, गाडी सकाळी उभी केली तशीच. ड्रायव्हर खाली शिरताना एक धक्का मारून म्हणाला, ‘‘पन काका, उभी मस्त केलीय.’’ इंजिनातलं सगळं ऑइल निघालं, जुनं काळं आणि माझं नवं, दोन्ही एकत्र. अण्णांचा कॅन भरला. उरलेलं एका डब्यात ठेवलं, कारण ते गटारात ओतलं तर भाचा फोन करणार आणि मला तो उचलावा लागणार.

रात्री मला पाठ टेकता येईना. हिनं काही न बोलता तिळाचं तेल ओवा घालून कोमट केलं आणि म्हणाली, ‘‘पालथे पडा.’’ मी पडलो. तिनं बनियन वर सरकवला आणि तिचा हात थांबला. करदोड्याला मागच्या बाजूला गाठ मारून बांधलेली किल्ली कंबरेत रुतून बसली होती, आणि तिचा दात न् दात माझ्या पाठीवर उमटला होता. स्ट्राँगरूमची किल्ली मी चौतीस वर्षं तिथेच बांधत असे.

तिनं गाठ सोडली, किल्ली आपल्या छल्ल्यात अडकवली आणि तेलात बोटं बुडवली. बराच वेळ नुसती चोळत राहिली. मग विचारलं,

‘‘अहो, हे तरी बरोबर जागी घालतेय ना मी?’’